बिअर्डेड ड्रॅगनची जोडी घेऊन पिल्लं विकणं आपल्याकडे परवडते का?

शेतकरी_पोट्टा_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात गाव आहे. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. बी.एस्सी. झालो, सध्या बाबांसोबत शेतीच करून राहिलो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा नाद शाळेपासूनचा. गावात साप निघाला की पहिला फोन मला येतो, मी सर्पमित्राला लावतो.

पुण्याच्या एका विक्रेत्याशी बोलणं झालं. बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे घरात पाळतात तो दाढीवाला सरडा. त्याचं दोन महिन्यांचं पिल्लू चौदा हजार आणि वयात आलेली जोडी पंचेचाळीस हजार म्हणाला. त्याचा हिशोब असा: मादी एका वेळी वीस-पंचवीस अंडी देते, वर्षात तीनदा. साठ पिल्लं धरा, आठ हजारानं विकली तरी चार लाख ऐंशी हजार. चार एकर कापसात एवढे पैसे मी कधी पाहिले नाहीत.

शेळ्या विकल्यापासून टिनाचा गोठा रिकामाच आहे. प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट. नाकतोडे शेतात पाहिजे तेवढे. मग जोडीच्या पैशाशिवाय खर्च कशाचा, ते मला समजून घ्यायचं आहे. पंचेचाळीस हजार घालावे, की दोन पिल्लं घेऊन वाढवावी? आणि कायद्याची काही भानगड आहे का?

बाबा म्हणतात, "सरडे पाळाले आपल्याले कुंपणं कमी पडले का?" आई म्हणते शेळ्याच घे. ज्यांनी खरंच पाळले त्यांनीच सांगा. व्हिडिओवाल्यांचं ऐकून झालं.

बांधावरचा_बंड्या

भाऊ, आमच्या धुऱ्यावर या. पाच रुपयाले एक सरडा देतो, दाढी तुम्ही लावून घ्या.

मजाक सोडा. जोडी महाग पडते म्हणून कोणी घोरपडीचं पिल्लू "हे बी तसंच" म्हणून देऊन राहिला तर हातही लावू नका. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तीन ते सात वर्षं आत जावं लागते.

वायंडिंगवाला_हिंगणघाट

माझं हिंगणघाटले मोटार वायंडिंगचं दुकान आहे. मागच्या खोलीत एक नर, एक मादी. नराचं नाव पाटील, कारण गिऱ्हाईक आलं की दाढी काळी करून फुगवून बसते आणि कोणाशी बोलत नाही. मादी सरू. यांची पिल्लं काढली, विकली. म्हणून मी तुले लाइट बिलावरून सांगतो, फोनवरच्या हिशोबावरून नाही.

पहिले घर. मोठ्या जनावराले चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी पाहिजे. नर-मादी एकत्र ठेवाचे नाही. नर दिवसभर मागं लागते, मानेले चावते, मादीले धड खाऊ देत नाही. भेट फक्त जोड लावाच्या वेळेस. म्हणजे पेट्या दोन. मी सुताराकडून प्लायच्या करून घेतल्या, समोर सरकता काच, साडेसात हजाराले एक.

मग यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी. फिटिंगसकट साडेचार हजार पडली, अशा दोन. ही वस्तू टाळता येत नाही. हे किरण नसले तर अंगात व्हिटॅमिन डी-३ तयार होत नाही, आणि डी-३ नसलं तर पोटात गेलेलं कॅल्शिअम हाडात जात नाही. जबडा मऊ पडते, पाय वाकडे होतात, थरथरतात. खिडकीच्या काचेतून ऊन येते ना, त्याचा उपयोग नाही, काच हे किरण अडवते. आणि ट्यूब जळून राहिली म्हणून चांगली आहे असं समजू नको. उजेड देत राहते पण यूव्हीबी कमी होत जाते, वर्षाच्या आत बदलावी लागते. म्हणजे हा खर्च दर वर्षीचा.

अंग शेकायचा दगड चाळीस अंशाच्या आसपास तापला पाहिजे. त्याले साधा हॅलोजन स्पॉट चालते, तो आपल्याच बाजारात भेटते. थंडीतल्या रात्रीसाठी सिरॅमिक हीटर आणि तापमानाचे कंट्रोलर, सारं मिळून तीन हजार. तापमान मोजायची गन नऊशे. कॅल्शिअम आणि व्हिटॅमिनची पावडर दीड हजार. याच्या खाण्यासाठी पाळाच्या डुबिया झुरळांची सुरुवातीची वसाहत दोन हजार. बेरीज करून पाह, जनावर घराच्या आत यायच्या पहिलेच एकतीस-बत्तीस हजार उठतात.

लाइट: दोन पेट्यांचे पंच्याहत्तर वॅटचे दोन बल्ब दहा तास, ट्यूबा बारा तास, रोजचे दोन युनिट. महिन्याले साठ. साठ युनिट दिसायले काही नाही, पण घरचं बिल शंभराच्या आत असलं तर याच्यानं शंभराच्या वर जाते, आणि वरच्या युनिटांचा दर मोठा आहे. ते तुह्या बाबाले पहिले सांगून ठेव.

आता ऊन फुकट म्हणतो त्याच्यावर येतो, कारण तुह्या साऱ्या हिशोबाचा पाया तोच आहे.

हे जनावर चाळीस अंशाच्या दगडावर बसते हे खरं. पण बसते आणि उठून जाते. पेटीच्या दुसऱ्या टोकाले पंचवीस-अठ्ठावीस अंश पाहिजे, त्याले पाहिजे तेव्हा तिथं जाऊन थंड होता आलं पाहिजे. त्याच्या मुलखातही ते भर दुपारी सावलीत, बिळात शिरते. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा जाते, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे सत्तेचाळीसही पाहिला. तुह्या टिनाच्या गोठ्यात त्या टायमाले पन्नास होते. त्यात थंड टोक कुठून आणशील? तोंड उघडं टाकून धापा टाकते आणि दोन दुपारीत संपते. टिनाचा गोठा डोक्यातून काढ. जुनं कवेलूचं मातीचं घर असलं तर त्यातली आतली खोली चालेल.

कूलर लावशील. लाव, मीही लावतो. पण झोत पेटीवर नाही, खोलीत सोडाचा आणि खिडकी उघडी ठेवाची. ओल कोंडली की याच्या छातीत बिघाड होते, नाकातून फेस येते. पावसाळ्यात तर हवा आधीच ओली, तेव्हा कूलर बंद, पंखा चालू. आपल्या विदर्भात या जनावराले ऊब देणं स्वस्त आहे, गारवा देणं महाग आहे, आणि सारे व्हिडिओ थंड देशातल्या लोकायचे असल्यानं ते फक्त उबेचंच सांगतात.

फुकटचं ऊन वापराचं असलं तर थंडीच्या दिवसात वापर. सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात अंगणात ठेवाचं, अर्ध्यावर सावली, जवळ माणूस बसलेला. मांजर आणि शिकरा दोन्ही लक्ष ठेवून असतात.

शेतातले नाकतोडे तर अजिबात नाही. तू यवतमाळचा आहे, २०१७ मध्ये फवारणीच्या विषानं तुमच्याकडे माणसं गेली, मी तुले काय सांगू. कपाशीवरचा नाकतोडा म्हणजे विषाची पुडी. आणि मृगाच्या तोंडावर काजवे निघतात, त्यातला एकही त्याच्या पेटीत जाऊ देऊ नको. एका काजव्यानं अख्खं मोठं जनावर मरते. हे अंदाजानं नाही सांगून राहिलो, काजव्याच्या अंगातलं विष हृदयावर जाते.

खायले डुबिया पाळाची. अंड्याच्या कागदी ट्रेमध्ये, झाकणाच्या टबात. कोंडा, गाजर, भोपळ्याची सालं खातात. तीस-पस्तीस अंशात त्यायची पैदास चांगली होते, म्हणजे थंडी सोडली तर आपल्या हवेत हीटर लावाचं कामच नाही. मोठ्या जनावराचं जेवण बहुतेक पालाच. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदाची फुलं, भोपळा किसून. पालक, अंबाडी, चिवळ देऊ नको, त्यातल्या ऑक्झॅलेटनं कॅल्शिअम बांधल्या जाते.

आता ज्याच्यासाठी तू विचारून राहिला, ते पिल्लं.

दोन महिन्यांच्या पिल्लात नर-मादी नक्की सांगता येत नाही. जो "जोडी" म्हणून दोन पिल्लं देते तो नशिबावर सोडते. मादी दीड वर्षाची आणि साडेतीनशे ग्रॅमच्या वर झाल्याशिवाय जोड लावाची नाही, म्हणजे पिल्लं घेतली तर पहिल्या अंड्याच्या आधी दीड वर्षाचं खाणं आणि लाइट बिल घरातून. मोठी जोडी घेतली तर दोघं एकाच मादीची एकाच वेळची तर नाहीत ना, हे विचार. विक्रेते सर्रास भाऊ-बहीण बांधून देतात. मी नर एकाकडून आणि मादी दुसऱ्याकडून घेतली ती याच्यासाठीच.

तीनदा अंडी हे खोटं नाही. एकदा जोड लागली की मादी नराचं बीज साठवून ठेवते आणि पुन्हा नर न दाखवता महिनाभरानं दुसरी अंडी घालते. पण दर वेळेस तिच्या अंगातलं कॅल्शिअम जाते. तीन खेपा ओढल्या की पुढच्या साली अंडी पोटात अडकतात आणि मादी हातची जाते. सरूची मी दोनच्या वर खेप घेत नाही, नंतर वर्षभर आराम.

अंडी अठ्ठावीस-एकोणतीस अंशात साठ-सत्तर दिवस ठेवाची. काढताना वरच्या बाजूले पेन्सिलची खूण, फिरवाची नाही, नाहीतर आतलं मरते. हिवाळ्याच्या शेवटी जोड लावली, जशी सारे सांगतात, तर तुही अंडी बरोबर एप्रिल-मेमध्ये येतात. खोलीत बेचाळीस आणि तुले पाहिजे अठ्ठावीस! मी एका जुन्या फ्रिजले कंट्रोलर लावला. साडेअठ्ठावीसले कॉम्प्रेसर बंद, खाली गेलं की आतला छोटा बल्ब चालू. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, लाइट गेली तरी त्यायच्यामुळे तीन-चार तास तापमान धरून राहते. वायंडिंगवाल्याले हे जमते. तुले बाजारातून करून घ्यावं लागेल. दुसरा उपाय म्हणजे पावसाळा सरता सरता जोड लावाची, अंडी दिवाळीच्या आसपास. मग फक्त ऊब द्यावी लागते, आणि ती तर एका बल्बानं होते. मी आता तसंच करतो.

पिल्लं निघाली की खरा खर्च सुरू होते. एक पिल्लू दिवसाले तीस-चाळीस बारके किडे खाते. तीसच धर. वीस पिल्लं, दोन महिने. गुणाकार कर: छत्तीस हजार किडे. विकत घेतले आणि दीड रुपया धरला तर चोपन्न हजार रुपये फक्त खाण्याचे. डुबिया घरची असली तरी एवढी पैदास द्यायले वसाहत आठ-दहा महिने आधीपासून मोठी करत आणावी लागते. शिवाय पिल्लं एकमेकांच्या शेपट्या, बोटं तोडतात. शेपटीचं टोक गेलं की पाच हजाराचं पिल्लू दोन हजाराले कोणी घेत नाही. म्हणून तीन-तीन, चार-चार वेगळी, प्रत्येक टबाले स्वतःची ट्यूब आणि बल्ब.

माह्या एका खेपेत एकोणीस अंड्यांतून चौदा पिल्लं निघाली. पहिली काही पाच हजाराले गेली, नंतर चार, शेवटची तीन हजाराले नागपूरच्या एका पोट्ट्यानं नेली. आठ हजार? मले आजवर कोणी दिले नाही. कारण सोपं आहे. ज्यानं मागच्या साली जोडी घेतली तो यंदा पिल्लं विकायले बसते. पुण्याचा भाऊ पिल्लं विकून कमावून नाही राहिला, तुह्यासारख्याले जोड्या विकून कमावून राहिला.

डॉक्टर_होणारी_भंडारा

वरच्या काकांनी खर्चाचं नीट सांगितलं आहे. मी पशुवैद्यकीचं शिकते, माझ्या बाजूचं थोडं.

कायदा. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या याद्यांमधले जिवंत विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करायची आहे, त्याचे नियम २०२४ मध्ये आले आणि नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. या प्राण्याचं शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. त्याच नावानं आजची यादी तपासा आणि पैसे देण्याआधी तुमच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, तोंडी नको. ऑस्ट्रेलिया आपल्याकडचे जिवंत वन्य सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे जगभर विकले जाणारे हे प्राणी बाहेरच पैदास झालेले असतात. भारतात आणायला परवाना लागतो. म्हणून विक्रेत्याकडे बिल आणि मूळ कुठलं ते मागा. तो टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. नियमित विक्री करणार असाल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणीही लागते.

डॉक्टर. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-बकऱ्यांचे डॉक्टर उत्तम असतात, पण सरड्याचा एक्स-रे वाचणारे मिळणं अवघड. तुम्हाला अकोला किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावं लागेल. ते भाडं आणि मोडलेला दिवस, दोन्ही खर्चात धरा. आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हे कडक पाळा: सरपटणारे प्राणी निरोगी दिसले तरी साल्मोनेला बाळगून असतात. हात साबणानं धुणं, आणि त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत न घासणं.

तुतीवाला_कारंजा

रेशीम अळी चालेल का याला? आमच्याकडे प्रत्येक बॅचला मागे राहिलेल्या, कोष न करणाऱ्या अळ्या फेकाव्या लागतात.

वायंडिंगवाला_हिंगणघाट

निरोगी असली तर चालते काय, फार आवडते. मऊ असते, पचते. पण मागे राहिलेली अळी बहुतेक रोगीच असते, ती नको. आणि शेडमध्ये चुना, जंतुनाशक पावडर टाकता ना तुम्ही? पावडर लागलेली द्यायची नाही. वेगळ्या ट्रेमध्ये शंभर-दोनशे साफ अळ्या वाढवून देत असाल तर मी घेतो.

शेतकरी_पोट्टा_दारव्हा

सगळ्यांचे आभार. दादा, तुमचा छत्तीस हजारांचा गुणाकार बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त हसले.

एक राहिलं. जास्त उष्णतेत अंडी उबवली तर सगळ्या माद्याच निघतात असं कुठंतरी वाचलं. माद्यांना भाव जास्त असेल तर आपल्या उन्हाचा तो तरी फायदा होईल ना? आणि धंदा बाजूला ठेवून एकच नर नादासाठी पाळला, तर महिन्याला किती धरू?

वायंडिंगवाला_हिंगणघाट

ते वाचलेलं बरोबर आहे. बत्तीस अंशाच्या वर उबवलं की जनुकानं नर असलेली पिल्लं मादी होऊन निघायले लागतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकायले अशा माद्या जंगलात सापडल्या, २०१५ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. पण पारा चढवत नेला की अंडी आतल्या आत मरतात, आणि दीड-दोन अंशाचा खेळ तू लाइट जाणाऱ्या गावात कसा सांभाळशील? भावाचं म्हणशील तर गिऱ्हाईक पिल्लू घेताना रंग पाहते, शेपटी पाहते. नर का मादी हे त्यालेही कळत नाही, विकणाऱ्यालेही नाही.

एकट्या नराचं सांगतो. पेटी, ट्यूब, बल्ब, गन, पावडर मिळून सोळा-सतरा हजार एकदाच. मग महिन्याले तीस युनिट, पावडर आणि ट्यूबचे पैसे महिन्यावर वाटले तर सहाशे-सातशे, डुबिया घरची, पाला घरचा. उन्हाळ्यात कूलर खोलीत चालूच असते, त्यात तो आला. दहा-बारा वर्षं जगते, हे धरून घे. नोकरी लागून पुण्याले गेला तर त्याले तुही आई कोंडा-शेवगा करत बसन का, हे तिलेच विचार.

आणि पैसे कमवायचेच असले तर माह्या मतानं सरडा सोड, डुबिया धर. मासेवाले, पक्षीवाले, सरडेवाले सारे किडे मागतात, नागपुरात मले महिन्याले पुरत नाहीत. थंडी सोडली तर आपल्या हवेले हीटर लागत नाही, अंडी उबवावी लागत नाही, मादी आजारी पडली म्हणून झोप उडत नाही. टबाचं झाकण मात्र पक्कं, बाहेरचा किडा आहे, शेतात सोडाचा नाही. फार पैसा नाही त्यात, महिन्याले मोबाइलचा आणि पेट्रोलचा खर्च निघते.

येत्या रविवारी दुकान बंद असते, इकडे चक्कर मार. पाटील पाहून घे, हातात घेऊन पाह, मग ठरव. मूठभर डुबिया सुरुवातीले मी देतो, पैसे नको. येताना एखाद्या पोल्ट्रीवरून अंड्याचे कागदी ट्रे घेऊन ये, कोरडे आण. माह्याकडचे संपले.

शेतकरी_पोट्टा_दारव्हा

येतो दादा. ट्रे किती आणू, पंचवीस पुरतील? बाबाही येतो म्हणतात, त्यांना फ्रिजचं कंट्रोलरवालं काम पाहायचं आहे.

वायंडिंगवाला_हिंगणघाट

पन्नास आण. बाबाले घेऊनच ये.